विजेची चाके (भाग ९) : गोल्फ कार्टला वेग हवा की ओढ?

मागच्या आठवड्यात आपण डीसी मोटरचे अंतरंग पाहिले. आज तीच मोटर गाडीत बसवून पाहू. त्यासाठी गोल्फ कार्टइतकी सोयीची गाडी दुसरी नाही, कारण तिच्यात काहीच झाकलेले नसते. सीट उचलली की बॅटऱ्या, जाड केबल, सोलेनॉइड (मुख्य प्रवाहाचा स्विच) आणि कंट्रोलर असा सगळा संसार एका नजरेत दिसतो.

या गाडीचे माहेर म्हणजे अमेरिकेतील जॉर्जिया राज्य. तेथील ऑगस्टा शहरात १९५४ मध्ये ई-झी-गो कंपनी सुरू झाली आणि तिची मोठी स्पर्धक क्लब कार हीसुद्धा त्याच परिसरातली. याच राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे असे दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग तिथे आहेत. मोठी माणसे किराणा आणायला आणि मुले शाळेला कार्ट घेऊन जातात. गोल्फच्या मैदानावर ताशी २० ते २४ किलोमीटरचा वेग पुष्कळ झाला. पण त्याच गाडीत चार माणसे बसवून रोज चढ-उतार करायचे म्हटले की ती अपुरी पडू लागते, आणि मालक बाजारात ‘अपग्रेड’ शोधू लागतो.

खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. वेग आणि ओढ, म्हणजेच टॉर्क, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

व्होल्ट वेगासाठी, अँपिअर ओढीसाठी

मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते, हे आपण गेल्या भागात पाहिले. वेग वाढतो तसा हा उलट दाब वाढत जातो. तो बॅटरीच्या दाबाजवळ पोहोचला की मोटरमध्ये आणखी प्रवाह ढकलायला जागाच उरत नाही, आणि तिथे गाडीचा वेग थबकतो. म्हणून सपाटीवरचा कमाल वेग मुख्यतः व्होल्टवर ठरतो.

थांबलेल्या मोटरमध्ये मात्र उलट दाब शून्य असतो. तेव्हा प्रवाहाला अडवणारा एकच रखवालदार असतो, तो म्हणजे कंट्रोलर. तो जितके अँपिअर सोडेल तितकी ओढ मिळते. म्हणून सुटण्याची आणि चढ घेण्याची ताकद ही अँपिअरची बाब आहे.

आता चढाचा हिशेब करू. गाडी आणि चार माणसे मिळून ७५० किलो वजन धरू. शंभर मीटरला दहा मीटर उंची गाठणाऱ्या चढावर ताशी २० किलोमीटर वेगाने जायचे, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ४.१ किलोवॅट शक्ती लागते. मोटर आणि गिअरमधली घट धरली की बॅटरीतून साधारण साडेपाच किलोवॅट ओढले जातात. ४८ व्होल्टच्या गाडीत हे ११५ अँपिअरच्या आसपास जाते आणि ३६ व्होल्टच्या गाडीत दीडशेच्या पुढे. तोच चढ दुप्पट वेगाने चढायचा तर प्रवाहही दुप्पट लागतो. मूळ मोटरची सलग पेलायची क्षमता बहुधा तीन-चार अश्वशक्ती, म्हणजे २.२ ते ३ किलोवॅट असते. थोडा वेळ ती याहून जास्त भार पेलते, पण त्या काळात तापत राहते.

आधी गळती शोधा

अटलांटाजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांची ३६ व्होल्टची जुनी कार्ट चढावर दम टाकत असे. नवा कंट्रोलर घ्यायचे त्यांनी ठरवूनच टाकले होते. आम्ही आधी मल्टीमीटर लावला. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवलेल्या सहाही बॅटऱ्या ६.३ व्होल्टच्या वर होत्या, म्हणजे वरवर सगळे ठाकठीक. मग एकेका बॅटरीला क्लिपा लावून, मीटर हातात धरून त्याच चढावर फेऱ्या मारल्या. पाच बॅटऱ्या ५.७ च्या आसपास टिकल्या. एक मात्र चढ लागताच ४.१ वर कोसळली आणि गाडी सपाटीवर थांबताच पुन्हा ६ च्या वर आली. उभ्या गाडीत ठणठणीत दिसणारी बॅटरी भार पडताच अशी उघडी पडते. सहा जणींच्या साखळीत एकजण थकली की सगळ्यांची ओढ जाते.

त्याच बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर साचला होता आणि नट बोटानेही किंचित हलत होता. अशा सैल, गंजलेल्या सांध्याचा रोध समजा ५ मिलिओहम झाला. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २०० अँपिअर प्रवाहात एक पूर्ण व्होल्ट तिथेच जिरतो आणि एका नटाखाली २०० वॅट उष्णता तयार होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. जुन्या कार्टमध्ये वितळून बसलेली टर्मिनल दिसतात, ती याच कारणाने.

म्हणून पहिले काम फुकटात होण्याजोगे आहे. टर्मिनल घासून साफ करा, नट आवळा, टायरमधली हवा पाहा आणि गाडी जॅकवर घेऊन चाके हाताने फिरवा. ब्रेक शू घासत असतील तर मोटरची ताकद तिथेच मरते. हे सगळे करताना ‘रन-टो’ स्विच ‘टो’वर ठेवा, अंगठी-घड्याळ काढा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

मोटर कोणती, ते ओळखा

यापुढचा प्रत्येक निर्णय मोटरच्या जातीवर ठरतो. चारही केबल सारख्याच जाड असतील तर ती सिरीज मोटर. दोन जाड आणि दोन बारीक असतील तर ती सेपेक्स, म्हणजे जिच्या आर्मेचरला आणि फील्डला वेगळा प्रवाह मिळतो ती. तीन जाड केबल असतील तर एसी मोटर.

सिरीज मोटरमध्ये तोच प्रवाह फील्डमधूनही जातो. त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला तर ओढ चौपटीकडे झेपावते, आतले लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होईपर्यंत. चढाच्या गावात ही मोटर खुलते. सेपेक्समध्ये कंट्रोलर फील्ड कमी करून वेग वाढवू शकतो, पण तेव्हा ओढ घटते. तिच्या टोकाला वेग मोजणारा सेन्सर असतो. उतारावर गाडी मर्यादेबाहेर पळू लागली की याच सेन्सरच्या सांगण्यावरून कंट्रोलर तिला मोटरच्या साहाय्याने आवरतो.

या सेन्सरचा चुंबक बदलून कंट्रोलरला फसवायची स्वस्त युक्ती बाजारात मिळते. ती वापरू नका. सपाटीवर वेग वाढतो, पण ओढ तसूभरही वाढत नाही आणि उतारावरचे नियंत्रण सैल पडते. ब्रशवाली मोटर मर्यादेबाहेर फिरली की केंद्रापसारी बलाने आर्मेचरच्या तारा आणि कॉम्युटेटरच्या पट्ट्या उखडून बाहेर येतात. त्या मोटरला मग भंगाराशिवाय वाट नसते.

कंट्रोलर, केबल आणि सोलेनॉइड : तिघांचा संच

मूळ कंट्रोलर बहुधा २२५ ते ३०० अँपिअरचा असतो. त्या जागी ४०० ते ६०० अँपिअरचा बसवला की पहिल्या पावलातच फरक जाणवतो. पण तो एकट्याने बसवणे चुकीचे. प्रवाह दीडपट झाला की केबलमधली उष्णता सव्वादोनपट होते. मूळची ६ गेजची केबल साधारण १३ चौरस मिलिमीटर तांब्याची असते, तर २ गेजची ३३ चौरस मिलिमीटरची. मोठ्या कंट्रोलरबरोबर अशी जाड केबल, नीट दाबलेले लग आणि तेवढा प्रवाह पेलणारा सोलेनॉइड हवाच. लहान सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जास्त प्रवाहात चिकटून बसतात.

व्होल्ट वाढवणे आणि लिथियम

३६ वरून ४८ व्होल्टवर गेले की सिरीज मोटरचा वेग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पण त्यासाठी कंट्रोलर, सोलेनॉइड आणि चार्जर हे तिन्ही ४८ व्होल्टचे लागतात. जुन्या कंट्रोलरला वाढीव दाब देणे म्हणजे तो जाळणे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट मिळतात. आठ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचे वजन १७० किलोच्या आसपास भरते, तर १०० अँपिअर-अवरच्या लिथियम पॅकचे सुमारे ५० किलो. दीड-दोन माणसांचे ओझे कमी होते आणि चढावर दाबही फारसा पडत नाही. मात्र पॅकमधला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, किती प्रवाह देऊ देतो, हे विकत घेण्याआधी वाचा. बीएमएस २०० अँपिअरचा आणि कंट्रोलर ५०० चा असेल, तर ऐन चढावर बीएमएस वीज तोडेल.

गिअर आणि मोठे टायर

मूळ गिअर साधारण १२ ला १ असतो. तो बदलून ८ ला १ केला की वेग दीडपट होतो, पण चाकावरची ओढ एक तृतीयांशाने घटते. १८ इंची टायरऐवजी २२ इंची बसवले तर वेग २२ टक्के वाढतो आणि ओढ १८ टक्के कमी होते. शिवाय गाडी उंच होते आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. इथे नवी शक्ती मिळत नाही, फक्त ओढ देऊन वेग घेतला जातो.

ब्रेकचे काय?

वेगाबरोबर गतिज ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २२ किलोमीटरची गाडी ४० वर नेली की ब्रेकला तिपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, तेही ड्रमचे. बसायला पट्टा नसतो, बाजूला दार नसते. म्हणूनच अमेरिकेच्या १९९८ च्या संघीय नियमानुसार ताशी २० ते २५ मैल, म्हणजे साधारण ३२ ते ४० किलोमीटर वेगाची अशी गाडी ‘लो-स्पीड व्हेइकल’ ठरते. तिला दिवे, सिग्नल, आरसे, समोरची काच आणि सीटबेल्ट बंधनकारक आहेत. फ्लोरिडाच्या कायद्यात तर ३२ किलोमीटरहून जास्त वेग गाठू शकणारी गाडी गोल्फ कार्ट राहतच नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी बॅटऱ्या आणि सांधे, मग ब्रेक, त्यानंतर केबल-सोलेनॉइड-कंट्रोलर एकत्र, आणि गरज उरलीच तर मोटर. चौघांचे कुटुंब घेऊन चढावर जाणाऱ्या गाडीला ओढ द्या, वेग ३२ किलोमीटरच्या आत राहू द्या. ज्यांच्या मुला-नातवंडांच्या हाती अशी कार्ट आहे, त्यांनी पुढच्या दुरुस्तीआधी मागचे ब्रेक ड्रम उघडून शू किती उरले आहेत ते जरूर पाहावे.

(पुढील भागात : बीएमएस नेमके काय करतो?)