शारदीय युवक महोत्सव : मिनिटांत मोजलेली कला

पर्जन्याचा जोर ओसरून आकाश निवळू लागले की विद्यापीठांच्या आवारांत युवक महोत्सवांची सिद्धता सुरू होते. येत्या हंगामात प्रेक्षागृहाकडे पावले वळविणाऱ्या रसिकांसाठी ही अल्प माहिती.

परंपरा : पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव १९५४ साली दिल्लीत भरला, महाराष्ट्रातील विद्यापीठांना एकत्र आणणारा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव २००३ पासून होतो.

क्रम : विद्यापीठाच्या पातळीवर निवडले गेलेले कलावंत भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय आणि तेथून राष्ट्रीय महोत्सवाकडे जातात.

दालने : संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललितकला अशी पाच.

मुदत : राष्ट्रीय नियमांनुसार एकांकिकेस ३० मिनिटे, प्रहसनास १०, मूकनाट्यास ५, तर शास्त्रीय गायनास अवघी १० मिनिटे मिळतात; म्हणून ज्या रागाचा विस्तार मैफलीत तासभर चालावा, त्याचे स्वरूप विद्यार्थ्याला मोजक्या आलापांत उभे करावे लागते, आणि पडद्याआड तंबोऱ्याची जवारी पुनःपुन्हा पारखणाऱ्या त्या बोटांत वर्षभराच्या रियाजाची सारी उत्कंठा एकवटलेली दिसते.

मूकनाट्य : येथे शब्दांस मज्जाव असल्यामुळे भिंत, पाऊस, गर्दी हे सारे केवळ देहबोलीने निर्माण करावे लागते.

या मुलांना पारितोषिकाइतकीच जाणत्या श्रोत्यांची निकड असते. तेव्हा वेळेपूर्वी जावे, आणि अखेरचा स्पर्धक रंगमंच सोडीपर्यंत आसन सोडू नये.