परवान्याचा पेला : कॅनडातील बिअरची कहाणी

वसंतातील व्याख्यानमालेत गीतेवर बोलावे, अर्थसंकल्पावर बोलावे, फार तर नाटकावर बोलावे. बिअरवर कोणी बोलते काय, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असल्यास त्यात नवल नाही. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी "तुम्ही हे कधीपासून?" असे विचारलेच. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आमची मजल चहाच्या पलीकडे गेलेली नाही, आणि कोणाची जावी असा आमचा आग्रहही नाही. परंतु एखादा समाज कोणाला पिऊ देतो, कोठे पिऊ देतो आणि कोणाच्या देखत पिऊ देतो, हे पाहिले म्हणजे त्या समाजाची बरीच ओळख पटते. कॅनडाची बिअर या दृष्टीने मोठी बोलकी आहे. जातायेता 'परमिट रूम' ही पाटी वाचणाऱ्या आपल्या लोकांना तर ही कहाणी फारशी परकी वाटू नये.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. बार्ली भिजवून तिला मोड आणावयाचे. कडधान्याला मोड आणणाऱ्या आपल्या गृहिणींना एवढे काम ठाऊकच आहे. मोड आले की दाण्यातील पिष्टाची साखर होण्याची तयारी होते. मग ते धान्य वाळवून, भरडून गरम पाण्यात कालवावयाचे, त्याचा गोड रस काढून त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले टाकून उकळावयाचा, आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवावयाचा. उबदार जागी लवकर आंबते ती एल, थंडीत सावकाश आंबते ती लागर. कॅनडाच्या बहुतेक भागांत द्राक्षे पिकत नाहीत, बार्ली मात्र उदंड पिकते, आणि थंडी तर फुकटच. तेव्हा हे पेय तेथे रुजले यात आश्चर्य नाही.

मौज अशी की, या पेयात सरकारने पहिल्यापासूनच हात घातला. फ्रेंचांच्या अमलात जाँ तालों नावाच्या कारभाऱ्याने १६६८ साली क्वेबेक येथे बिअरचा कारखाना उभारण्याचे काम हाती घेतले. वसाहतीतील पैसा फ्रान्सच्या ब्रँडीपायी बाहेर जाऊ नये आणि शेतकऱ्याच्या धान्याला गिऱ्हाईक मिळावे, असा त्याचा हेतू होता. तालों मायदेशी परतल्यावर कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला. पुढे इंग्रजांचा अंमल आला. इंग्लंडमधून १७८२ साली आलेल्या जॉन मोल्सन या पोरसवदा तरुणाने १७८६ साली मॉन्ट्रियलमध्ये स्वतःची बिअर गाळावयास सुरुवात केली. या धंद्याच्या पैशातून १८०९ साली सेंट लॉरेन्स नदीवर आगबोट चालली, देशातल्या पहिल्या आगगाडीला भांडवल मिळाले, आणि पुढे घराण्याची बँकही निघाली. हॅलिफॅक्सला अलेक्झांडर कीथ, ऑन्टॅरिओतील लंडन गावी लॅबॅट, असे आणखी कारखानदार झाले. यांतील एक नाव मात्र आम्हांला विशेष वाटते. सुझॅना ऑलंड या बाईंनी १८६७ च्या सुमारास नोव्हा स्कोशियातील डार्टमथ गावी घरामागच्या छपरात एल करावयास घेतली. पती वारल्यावर त्यांनी धंदा चालविला तो 'एस. ऑलंड, सन्स अँड कंपनी' या नावाने. त्या 'एस'च्या आड बाई आहे हे गिऱ्हाइकाला कळू नये, अशी ती युक्ती होती असे सांगतात.

बायकांचा दुसरा संबंध याहून कडू आहे. नवऱ्याची मजुरी शनिवारी संध्याकाळी गुत्त्यात जात असे आणि घरी मुले वाट पाहत असत. बायकांना मत नव्हते, मिळकतीवर हक्क जेमतेम. अशा स्थितीत दारूबंदीची चळवळ हेच त्यांचे राजकारण झाले. ऑन्टॅरिओतील पिक्टन गावी लेटिशिया यूमन्स यांनी १८७४ साली बायकांची संघटना उभारली. त्या चळवळीला 'सोवळ्या बायकांचे खूळ' म्हणून हसण्याची रीत आहे. आम्हांला ती पसंत नाही. १८७८ च्या कायद्याने प्रत्येक शहराला व परगण्याला मतदानाने दारूची दुकाने बंद करण्याचा अधिकार दिला. आपल्याकडील 'आडव्या बाटली'चे मतदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा कायदा समजावून सांगावयास नको. फरक एवढाच की, आडव्या बाटलीला बायका स्वतः मत देतात.

१८९८ साली साऱ्या देशाचे मत घेतले. दारूबंदीच्या बाजूने निसटते बहुमत झाले, पण फ्रेंच क्वेबेक प्रचंड मतांनी विरुद्ध गेला. पंतप्रधान लॉरिए यांनी काहीही न करण्याचा शहाणपणा केला. तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात एकामागून एक प्रांत 'कोरडे' झाले. प्रिन्स एडवर्ड बेट तर १९०१ पासून १९४८ पर्यंत कोरडे होते. क्वेबेकने मात्र १९१९ साली मतदान करून बिअर व हलकी वाइन राखली. मॉन्ट्रियलची चंगळ आणि सरहद्दीवरून अमेरिकेत होणारी चोरटी वाहतूक यांच्या कथा त्याच काळातल्या. त्यांत शिरलो तर रात्र पुरावयाची नाही.

बंदी उठली ती बाजार मोकळा करून नव्हे. सरकार स्वतःच दुकानदार झाले. १९२१ साली क्वेबेक व ब्रिटिश कोलंबिया, १९२७ साली ऑन्टॅरिओ, अशी प्रांतोप्रांती मद्यमंडळे स्थापन झाली. ऑन्टॅरिओत दारू घ्यावयाची तर परवाना काढावा लागे. सरकारी दुकानात माल मांडलेला नसे. गिऱ्हाइकाने अर्ज भरावा, कारकुनाने परवाना तपासावा, खरेदीची नोंद करावी आणि मगच आतून बाटली आणून द्यावी. कारकुनाला वाटले की हा गृहस्थ मिळकतीच्या मानाने फार खरेदी करतो, तर चौकशी होई. ज्यांना विक्री करू नये अशांच्या नावांची यादीच असे. हे व्यक्तिगत परवाने १९६२ पर्यंत चालले, आणि हाताने बाटली उचलून घेण्याचे पहिले दुकान ऑन्टॅरिओत १९६९ साली निघाले. ज्या वस्तूचा ठसा 'मोकळ्याढाकळ्या कॅनडियन माणसाचे पेय' असा जगभर आहे, ती घेताना त्या माणसाचे वडील रेशनच्या दुकानात उभे असल्यासारखे रांगेत उभे राहत होते.

बसून पिण्याचे नियम तर आणखी मजेचे. ब्रिटिश कोलंबियात १९२५ पासून 'बिअर पार्लर' निघाले. जुन्या गुत्त्याची आठवणही होऊ नये म्हणून तेथे उंच फळीशी उभे राहून पिण्यास बंदी. बसावयाचे, पेला वेटरने आणावयाचा, उभे राहून घोट घ्यावयाचा नाही. गाणे नाही, करमणूक नाही, खाण्याचे पदार्थही नाहीत. गप्पा आणि गाणे हेच ज्या पेयाचे निमित्त, त्यातून तेच वजा केल्यावर उरले काय? नुसते पिणे. मद्यपान कमी व्हावे म्हणून केलेल्या नियमांनी माणसाला मद्यपानाखेरीज दुसरे काही करावयास ठेवले नाही! आमच्या मते कॅनडाच्या मद्यनीतीतील ही सर्वांत मोठी चूक होय.

ऑन्टॅरिओत १९३४ साली असे बिअरगृह सुरू झाले तेव्हा त्याला दोन दारे असत. एक पुरुषांचे, दुसऱ्यावर पाटी 'स्त्रिया व त्यांच्या सोबतचे पुरुष'. एकटा पुरुष दुसऱ्या दाराने जाऊ शकत नसे, एकटी बाई पहिल्या दाराने नाही. ही दारे कित्येक दशके टिकली.

आणि काहींना कोणतेच दार नव्हते. तेथील मूळ रहिवाशांना 'इंडियन कायद्या'ने मद्य विकणे व त्यांनी ते बाळगणे गुन्हा ठरविलेला होता. वर सांगितलेल्या बंदीच्या यादीला लोक बोलीत 'इंडियन लिस्ट'च म्हणत, यावरून काय ते समजावे. महायुद्धात लढून आलेला मूळ रहिवासी शिपाई आपल्याच पलटणीतील गोऱ्या सोबत्याबरोबर पेला घेऊन बसू शकत नव्हता. १९५१ साली ही बंधने काहीशी सैल झाली, पण गेली नाहीत. १९६७ साली यलोनाइफ येथील एका हॉटेलात जोसेफ ड्रायबोन्स हा मूळ रहिवासी नशेत सापडला. दहा डॉलर दंड झाला. इतर नागरिकांना केवळ सार्वजनिक जागी नशेत असणे हा गुन्हा होता, आणि शिक्षेला किमान मर्यादा नव्हती. इंडियनाला मात्र राखीव वस्तीबाहेर कोठेही तो गुन्हाच, आणि दंड किमान दहा डॉलर. त्या प्रदेशात तर राखीव वस्तीच नव्हती! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये न्यायालयाने ते कलम कायद्यापुढील समतेच्या विरुद्ध म्हणून निष्प्रभ ठरविले. दहा डॉलरच्या दंडातून देशाच्या नागरी हक्कांचा एक मोठा निवाडा निघाला.

या सरकारी पकडीचा धंद्यावर झालेला परिणाम थोडक्यात सांगतो. एखाद्या प्रांतात बिअर विकावयाची तर बहुतेक ठिकाणी ती त्याच प्रांतात गाळावी लागे. म्हणून ई. पी. टेलर या धनिकाने १९३० पासून प्रांतोप्रांतीचे लहान कारखाने विकत घेऊन बंद करण्याचा किंवा जोडण्याचा सपाटा लावला, आणि पुढे देशभर तीनच मोठी घराणी उरली. चवही एकसारखी झाली. साऱ्यांनी १९६१-६२ च्या सुमारास एकच बुटकी तपकिरी बाटली स्वीकारली. तिला लोक 'स्टबी' म्हणत. ती हलकी, सहसा न फुटणारी. कोणाचीही बाटली कोणीही धुऊन पुन्हा भरावी, अशी सोय. सुमारे १९८४ पर्यंत ती चालली. रिकाम्या बाटलीचे दहा सेंट परत देण्याची चाल मात्र आजही आहे. बाटलीत ३४१ मिलिलिटर मावते, अमेरिकेच्या डब्यात ३५५. दोन्ही बारा औंसच, पण औंस निराळे! 'आमची बिअर अमेरिकनांहून कडक' ही बढाईही अशीच. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मद्यार्काचे प्रमाण वजनाने सांगत, कॅनडात आकारमानाने. वजनाचे चार टक्के म्हणजे आकारमानाचे पाच.

चव एकच झाल्यावर विकावयाचे काय? राष्ट्रभावना. मोल्सन घराण्याने १९५७ साली मॉन्ट्रियलचा विख्यात हॉकी संघ विकत घेतला, आणि बर्फावरची हॉकी व बिअर यांचे लग्न लागले. २००० साली तर याच कंपनीच्या एका जाहिरातीत एक साधा तरुण व्यासपीठावर उभा राहून 'मी कॅनडियन आहे' असे गर्जला, आणि लोकांनी ती जाहिरात भाषणासारखी पाठ केली. पाच वर्षांनी ती कंपनी एका अमेरिकन कंपनीशी एक झाली, हा भाग जाहिरातीत नव्हता. मे महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या जन्मदिनाची सुट्टी असते. राणीचा जन्म २४ मेचा, आणि बिअरचे खोकेही चोवीस बाटल्यांचे. म्हणून त्या सुट्टीला 'मे टू-फोर' असे म्हणतात. त्यांच्या वसंताचे स्वागत तळ्याकाठी चोवीस बाटल्यांनी होते, आपले चोवीस व्याख्यानांनी. ज्याची त्याची हौस.

प्रांताप्रांतांमधील भिंती अजून उभ्या आहेत. २०१२ साली न्यू ब्रन्सविकचे जेरार कोमो हे निवृत्त गृहस्थ शेजारच्या क्वेबेकमधून स्वस्त बिअरची चौदा खोकी व थोडे मद्य घेऊन पुलावरून घरी निघाले, तो पोलिसांनी अडविले. दंड २९२ डॉलर ५० सेंट. 'एका प्रांताचा माल दुसऱ्यात मुक्तपणे जाईल' असे १८६७ च्या घटनेत लिहिले आहे, असे त्यांचे म्हणणे. खालच्या न्यायाधीशाने ते मान्य केले. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळले.

बाकी पुष्कळ बदलले आहे. १९८२ साली व्हँकूव्हरजवळ हॉर्सशू बे येथे एक चिमुकला कारखाना निघाला. आज असे हजाराहून अधिक आहेत, आणि एकाच चवीचे राज्य संपले आहे. दुसरीकडे पिणारे कमी होत आहेत. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने २०२३ साली सांगितले की, धोका कमी ठेवावयाचा तर आठवड्याला दोनच पेले. याच सुमारास ऑन्टॅरिओ सरकारने सप्टेंबर २०२४ पासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत बिअर विकण्यास मोकळीक दिली. एक सरकार पेले मोजते आणि दुसरे दुकाने वाढविते! मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर जकात बसविली तेव्हा त्याच ऑन्टॅरिओच्या सरकारी मद्यमंडळाने एका दिवसात अमेरिकन माल फळ्यांवरून उतरविला, आणि तिकडे जाण्यास मनाई असल्यागत लोक शेजारच्या फळीवरची आपल्या प्रांताची बाटली उचलून रांगेत उभे राहिले.