मद्यप्राशन आणि वाहनचालन : तपासणीची रीत

रात्री नाक्यावर वाहन अडविले गेले, की तोंडाला येणारा वास हाच गुन्ह्याचा पुरावा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वास, अडखळती वाणी वा वाहनाची नागमोडी चाल यांवरून पोलिसांना केवळ संशय घेता येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये दोष ठरतो तो चाचणीत आढळलेल्या प्रमाणावरून. दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा होय. अधिनियम केंद्राचा असल्याने चोर्ला घाटातून गोव्याहून बेळगावास जाणाऱ्या चालकास दोन्हीकडे हीच मर्यादा लागू आहे.

संशयास वाजवी कारण असल्यास गणवेषधारी पोलीस अधिकारी श्वासाची चाचणी घेऊ शकतो. रक्तातील मद्यार्क फुप्फुसांतील हवेत उतरतो. त्यामुळे दीर्घ फुंकरीवरून यंत्रास रक्तातील प्रमाण अजमावता येते. मात्र नुकत्याच घेतलेल्या घोटाचा अंश तोंडात रेंगाळून आकडा फुगतो. यास्तव सुमारे १५ मिनिटे थांबून चाचणी घेणे शास्त्रशुद्ध ठरते.

चाचणीत मद्यार्क आढळल्यास, अथवा संशयिताने ती नाकारल्यास, त्यास वॉरंटाविना अटक करता येते. रुग्णालयात दाखल असलेल्यास मात्र नाही. त्यानंतर नोंदणीकृत डॉक्टरकरवी रक्ताचा नमुना घेता येतो. चालक स्त्री व डॉक्टर पुरुष असल्यास दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती अनिवार्य आहे. नकार देऊन सुटका होत नाही. वाजवी कारण नसल्यास न्यायालय तो नकार अभियोगपक्षास पुष्टी देणारा मानू शकते.

या साऱ्यात वेळेचे महत्त्व सर्वाधिक आहे. शरीर दर तासाला रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे साधारणतः १५ मिलिग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. अडविताना ४० असलेला आकडा तासाभराने २५ वर येऊ शकतो. उलट, शेवटचा पेला नुकताच घेतला असल्यास तो काही काळ वाढतही असतो. म्हणूनच अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास अटकेतील व्यक्तीस मुक्त करावे, असे कलम २०२ सांगते. विलंबाने दोषी सुटू नये आणि निर्दोषास विनाकारण कोठडी भोगावी लागू नये, हा त्यामागील हेतू.

पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. हे प्रकरण जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही. तेव्हा चालकाने चाचणीस सहकार्य करावे, आकडा व वेळ स्वतः पाहून घ्यावी. आणि मद्य घेतले असल्यास वाहनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.