बीडीडी चाळ: १६० ते ५०० चौरस फूट

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी मुंबईत २०७. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजल्यावर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मोफत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जाणाऱ्या आजीला घरातला संडास म्हणजे केवढा दिलासा! धास्ती आहे ती मेन्टेनन्सची. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च गिरणी कामगाराच्या तुटपुंज्या पेन्शनीत कसा बसणार, हे सरकारने आधीच स्पष्ट करायला हवं.