बाळाचा हात हलत नाही? 'तीन महिने' आणि 'दोन वर्षे' विसरू नका

प्रसूतीत कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो. बाळाला सोडवताना मान ताणली गेली, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. वरच्या नसा दुखावल्यास त्याला 'अर्ब्ज पाल्सी' म्हणतात. बाळाचे जास्त वजन, आईचा मधुमेह, चिमटा किंवा व्हॅक्यूमचा वापर यांमुळे धोका वाढतो.

कसे ओळखाल?
एक हात अंगालगत लुळा पडतो, कोपर वाकत नाही, मनगट आत वळते. दचकल्यावर बाळ एकच हात उचलते. गळ्याजवळचे हाड मोडले तरी असेच दिसते, म्हणून तपासणी गरजेची.

पहिली मुदत : तीन महिने
बहुतेक बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो. मात्र तीन महिन्यांनंतरही कोपर वाकत नसेल, तर नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांना दाखवावे. 'मालिशने हात बसेल' म्हणून थांबू नका आणि हात ओढू नका. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत बाळाला दाखवता येते.

इजा म्हणजे निष्काळजीपणा?
नेहमीच नाही. काळजी घेऊनही खांदा अडकू शकतो. मधुमेहाकडे दुर्लक्ष झाले का, जास्त जोर लावला का, गरज असूनही तज्ज्ञ बोलावले नाहीत का, हे कागदपत्रे आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या मतावरून ठरते. म्हणून केसपेपर, प्रसूतीची नोंद, बाळाचे वजन आणि डिस्चार्ज कार्ड लेखी अर्ज करून मागा. नियमानुसार अर्जानंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जाची पोच जपून ठेवा.

दुसरी मुदत : दोन वर्षे
पैसे भरून प्रसूती झाली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. उशिरासाठी सबळ कारण द्यावे लागते. बाळाच्या वतीने आईवडील तक्रार करू शकतात. कुटुंब जिथे राहते, त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. म्हणजे प्रसूती हैदराबादला झाली तरी नांदेडकरांना नांदेडमध्येच दाद मागता येते. आयोगाची हद्द भरलेल्या बिलावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही.

सर्वांवर मोफत उपचार करणारे सरकारी रुग्णालय १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायद्याखाली येत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका हा मार्ग आहे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते; पण तिथे भरपाई मिळत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले.

वकिलाचा खर्च?
महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.