जुन्या पिकअपला धुक्याचे दिवे

सातपाटीच्या बंदरावरून मासळी घेऊन निघणारी, घोलवड-डहाणूकडून चिकूच्या पेट्या भरून येणारी, अथवा तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत माल पोंचविणारी पिकअप गाडी आमच्या पालघर जिल्ह्यांत कोणीं पाहिली नाहीं? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरचा चरितार्थ तिच्यावरच चालतो. या गाड्यांपैकीं पुष्कळशा दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या असून, घेतांना स्वस्तांतल्या म्हणून घेतलेल्या असतात. अशा गाडीचा पुढील बंपर नीट न्याहाळला तर त्याच्या दोन्ही टोकांस काळ्या टोपणांनीं झांकलेल्या दोन जागा पुष्कळदां दिसतात. त्याच कारखान्यांतून निघालेल्या महाग गाडीस त्या ठिकाणीं धुक्याचे दिवे, म्हणजे बाजारांतील भाषेंत फॉग लाईट, बसविलेले असतात. टोपणें काढून आपणही तेथें दिवे बसवावे असें हिंवाळा आला कीं गाडीच्या मालकांस वाटूं लागतें. गेल्या वर्षीं विजेचा धडा चालूं असतां आमच्या वर्गांतील मुलांनीं याविषयीं इतके प्रश्न विचारले कीं त्यांचीं उत्तरें एका तासांत मावलीं नाहींत. तीं येथें जरा सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम कोणी म्हणेल, आमच्याकडे धुकें तें किती! हें खरें आहे. पंजाब-दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारींत जसें दाट धुकें दिवसेंदिवस बसून राहतें, तसें कोंकणांत बसत नाहीं. आमचें धुकें पहाटेचें. खाडीच्या कांठीं व भात कापलेल्या शेतांवर तें पसरतें आणि ऊन चढतांच विरतें. परंतु मासळीची व भाजीची गाडी नेमकी त्याच वेळीं रस्त्यावर असते, आणि बोईसरच्या पहिल्या पाळीचे कामगार त्याच वेळीं सायकलीवर किंवा पायीं निघालेले असतात. शिवाय पावसाळ्यांत पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा घाटांत, आणि विक्रमगडाहून जव्हारकडे चढतांना, ढगच खालीं उतरून रस्ता गिळून टाकतात. दृष्टि एक किलोमीटरच्या आंत आली म्हणजे हवामानशास्त्रांत त्यास धुकें म्हणतात. घाटांत ती कधीं कधीं पन्नास पावलांवर येते.

आतां अशा वेळीं गाडीचा मोठा दिवा लाविला असतां अधिक दिसण्याऐवजीं कमी कां दिसतें? कौलांच्या फटींतून अंधाऱ्या खोलींत कवडसा पडतो, तेव्हां त्या प्रकाशाच्या पट्ट्यांत धुळीचे कण चमकतांना सर्वांनीं पाहिले आहेत. प्रकाश स्वतः बाजूनें दिसत नाहीं. कणांवर आपटून जो आपल्या डोळ्यांकडे वळतो तेवढाच दिसतो. धुकें म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब, एक-एक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा, थोडा कमी-अधिक. मोठ्या दिव्याचा झोत उंच व दूरवर जातो, म्हणून चालकाच्या डोळ्यांसमोरचे असंख्य थेंब एकदम उजळतात आणि दुधाच्या भिंतीसारखा पडदा उभा राहतो. त्या पडद्यापलीकडे सायकलस्वार असला तरी तो दिसावयाचा नाहीं.

धुक्याचा दिवा या भिंतीवर जो उपाय करितो तो मोठ्या युक्तीचा आहे. तो अधिक प्रखर नसतो. पुष्कळदां तो मोठ्या दिव्यापेक्षां सौम्यच असतो. त्याचा झोत पंख्यासारखा आडवा पसरतो, आणि वरच्या बाजूस जणूं सुरीनें कापल्यासारखा सपाट तुटलेला असतो. दिवा खालीं, डोळे वर. झोत जमिनीलगत जातो आणि डोळ्यांसमोरचे थेंब अंधारांतच राहतात. त्यामुळें रस्त्याची कड, पांढरा पट्टा व जवळचा खड्डा दिसतो. दूरचें मात्र त्यानें दिसत नाहीं, व दिसावें अशी अपेक्षाही धरूं नये.

पिवळ्या प्रकाशाविषयीं एक समज फार रूढ आहे. पिवळे किरण धुकें भेदून जातात असें पुष्कळ लोक सांगतात. याचें मूळ आकाशाच्या निळेपणांत असावें. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान असल्यामुळें ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, हें रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ मध्यें दाखविलें. परंतु धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे असतात, आणि असे थेंब सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून धुक्यास पांढरा व पिवळा हा भेद कळत नाहीं. फ्रान्स देशांत १९३० नंतरच्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवेच सक्तीचे होते. पिवळा प्रकाश डोळ्यांस सौम्य वाटतो एवढें म्हणतां येईल. ज्यांस तो आवडतो त्यांनीं तो लावावा. नियमांत धुक्याच्या दिव्यास पांढरा व पिवळा हे दोन्ही रंग चालतात. पण रंगासाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

जागेचें महत्त्व रंगाहून पुष्कळ मोठें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें वाहनांच्या दिव्यांविषयीं जे नियम झाले आहेत, त्यांतील ४८ व्या नियमाप्रमाणें मोटार व हलकी मालगाडी यांचा पुढील धुक्याचा दिवा जमिनीपासून २५ सेंटिमीटरहून खालीं व ८० सेंटिमीटरहून वर नसावा, आणि गाडीच्या बाहेरील कडेपासून ४० सेंटिमीटरच्या आंत असावा. बंपरांतील तीं झांकलेलीं भोंकें याच मापांत बसतात, कारण कारखान्यानें तीं त्यासाठींच ठेविलेलीं असतात. म्हणूनच आमचें मत असें कीं, दिवे लावावयाचे तर त्याच गाडीच्या महाग नमुन्याचेच लावावे: तोच दिवा, तीच पट्टी, तीच चौकट. नवे महाग वाटल्यास मुंबईंत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत पाहावे. मात्र कांच तडकलेली व आंतील चकचकीत वाटी काळवंडलेली घेऊं नये. छपरावर किंवा जाळीवर लांबलचक एलईडी पट्टी बसविण्याची जी टूम निघाली आहे, ती धुक्यांत निरुपयोगी आणि इतर वेळीं घातक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १११ व्या नियमानें गाडीच्या पुढें शोधदिवा लावण्यास, अपवादाच्या प्रसंगीं नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेतल्याखेरीज, मनाई आहे. तसेंच जुन्या दिव्याच्या वाटींत साध्या बल्बऐवजीं एलईडी बल्ब खोंचण्याचा मोह टाळावा. वाटीचा आकार तारेच्या इवल्याशा वेटोळ्यासाठीं आंखलेला असतो. प्रकाशाचें उगमस्थान बदललें कीं तो सपाट कापलेला झोत विसकटून वर उसळतो.

विजेच्या जोडणींत आमच्या नववी-दहावीच्या मुलांस आपलें पुस्तकी ज्ञान वापरतां येईल. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला म्हणजे सुमारें ९ अँपिअर प्रवाह येतो. हा प्रवाह डॅशबोर्डवरील नाजूक बटणांतून नेला तर बटण तापतें व कालांतरानें वितळतें. घाईंतला वायरमन कधीं कधीं हेंच करितो आणि मालकास तें जळका वास येईपर्यंत कळत नाहीं. यासाठीं रिले लावावा. शाळेच्या विजेच्या घंटेंत जसा विद्युच्चुंबक असतो तसाच रिलेंतही असतो: बटणांतून अगदीं अल्प प्रवाह जातो, त्यानें चुंबक जागा होतो, आणि तो मोठ्या प्रवाहाचें दार उघडतो. रिलेच्या पायांवर आंकडे छापलेले असतात. ३० या पायास बॅटरीची धन तार, ८७ वरून दोन्ही दिव्यांकडे, ८६ वर बटणाची तार आणि ८५ गाडीच्या सांगाड्यास. बटणास वीज पार्किंगच्या दिव्याच्या तारेंतून द्यावी. कारखान्यांतील जोडणी अशीच असते; पार्किंगचे दिवे बंद केले कीं धुक्याचे दिवेही आपोआप मालवतात आणि रात्रभर जळत राहून बॅटरी उतरत नाहीं.

बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. पुढें कोठेंही तार घांसून सांगाड्यास टेंकली, तर फ्यूज जळेल, गाडी जळणार नाहीं. तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार चार मीटर ओढली तर तिच्यांतच सव्वा व्होल्टाहून अधिक दाब खर्च होतो. तेवढ्यानें काय होतें असें वाटेल. पण तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें घटतो, आणि दाब दहावा हिस्सा कमी झाला तर उजेड जवळजवळ तिसरा हिस्सा कमी होतो. दिवा मिणमिणतो म्हणून लोक अधिक वॅटचा बल्ब आणतात, व बारीक तार आणखी तापते.

किनाऱ्यावरील गाड्यांस आणखी एक रोग असतो, तो गंजाचा. खारी हवा आणि मासळीच्या पेट्यांतून ठिबकणारें बर्फाचें खारें पाणी यांमुळें सांगाड्यावरील अर्थिंगचे बोल्ट हिरवे-तांबडे होऊन जातात. दिवा लागत नाहीं म्हणून बल्ब बदलला, रिले बदलला, आणि शेवटीं दोष अर्थिंगचा निघाला, असें पुष्कळदां घडतें. तेथील रंग व गंज पॉलिशकागदानें घांसून धातु उघडा करावा, तारेचें टोंक घट्ट आंवळावें, आणि वर पेट्रोलियम जेली चोपडावी.

जोडणी झाली म्हणजे काम संपलें असें समजून जो तो निघून जातो. वस्तुतः सर्वांत महत्त्वाचें काम पुढेंच असतें. सपाट जमिनीवर, भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनें तेवढ्याच उंचीवर रेघ ओढावी. झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडेल अशा बेतानें दिव्याचा स्क्रू फिरवावा. दिवा ६० सेंटिमीटर उंच असल्यास झोत ४८ मीटरवर जमिनीस मिळतो, हें मुलांनीं त्रैराशिकानें पडताळून पाहावें.

आतां पिकअपची खुबी पाहा. गाडी रिकामी असतां हें माप बरोबर लावलें, आणि मागें माल भरतांच पाटे दबून मागची बाजू ६ सेंटिमीटर खालीं गेली, असें धरूं. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारें ३ मीटर. म्हणजे गाडीचें नाक शंभरांस दोन या मानानें वर उचललें गेलें. आपण झोत खालीं लावला होता तो शंभरांस सव्वा या मानानेंच. परिणाम असा कीं खालीं पाहणारा दिवा आतां आकाशाकडे पाहूं लागतो, आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात. म्हणून गाडींत नेहमींचा माल भरलेला असतांनाच हें माप घ्यावें. रिकाम्या गाडीचा झोत मग जरा जवळ पडेल, पण त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं.

याच कामासाठीं वर सांगितलेल्या नियमांतील १०६ वा नियम एक सोपी कसोटी देतो. दिव्यापासून ८ मीटर पुढें, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्यास तो झोत दिपवितां कामा नये. दीड मीटर म्हणजे आमच्या दहावीच्या मुलाच्या डोळ्यांची साधारण उंची. संध्याकाळीं अंगणांत गाडी भरून उभी करावी आणि घरांतील मुलासच त्या जागीं उभें करून विचारावें. त्यानें डोळे मिटले तर स्क्रू आणखी फिरवावा.

कांहीं चालक नवे दिवे लागले कीं वेगही वाढवितात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर, आणि नंतर थांबेपर्यंत चांगल्या कोरड्या रस्त्यावरही आणखी २८ मीटर, एकूण ५३. झोत तर ४८ मीटरवरच संपला! ताशीं ४० वर हीच बेरीज ३० मीटरच्या आंत येते. ओल्या रस्त्यावर दोन्ही आंकडे वाढतात, आणि धुक्यांत झोताच्या टोंकापर्यंत दृष्टि पोंचेलच असेंही नाहीं.

पुढच्या दिव्यांवर इतका खर्च करणाऱ्या कित्येक गाड्यांचे मागचे तांबडे दिवे चिखलानें माखलेले किंवा एका बाजूनें बंद असतात, हेंही सांगितलें पाहिजे. धुक्यांत मागून येणाऱ्या ट्रकास तेवढाच एक आधार असतो. पैसे थोडेच असतील तर आधीं ते दिवे दुरुस्त करावे, फळीवर तांबडी परावर्तक पट्टी चिकटवावी, आणि पुढचे दिवे पुढच्या हंगामावर टाकावे. बसविल्यानंतर मात्र धुकें ओसरतांच ते मालवावे, आणि बंपराची जागा खालची असल्यामुळें कांचेवर जो चिखल उडतो तो रोज निघण्यापूर्वीं ओल्या फडक्यानें पुसावा.