लांडगा लंडनला, ओवी हायडेलबर्गला

इंदापुरातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ इथल्या माळांवर वनविभागाची गवताळ सफारी सुरू झाली आणि उजनीच्या रोहित पक्ष्यांपाठोपाठ इथला लांडगाही पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात येऊ लागला. हे चांगलेच झाले. पण जीपमधून प्राणी दिसतो. तो या माळावर आजवर तगला कसा, हे दिसत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या इथल्या कुटुंबाची गत तर आणखी चमत्कारिक. मुलांना गावाकडचा माळ दाखवायचा, तर निसर्गाचे संग्रहालय एका शहरात आणि लोकसंस्कृतीचे दुसऱ्याच शहरात.

ही फाळणी जुनी आहे. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी विल्यम सायक्स याने दख्खन पायाखाली घातले, प्राणी-पक्षी गोळा केले आणि 1831 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांपुढे इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपिस’, म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले. त्याच्या त्या नोंदीत लांडगा आला. ज्याच्या मेंढरांवर तो जगत होता, तो धनगर बाहेरच राहिला. तो धनगर विद्येच्या प्रांतात खऱ्या अर्थाने आला हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 चा. त्यांनी धनगरांच्या तोंडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पण त्याहून मोलाची त्यांची दृष्टी. देवाची कथा समजायची तर पाऊस किती पडतो, गवत कुठे उगवते आणि दिवाळीनंतर कळप कोकणाकडे कोणत्या वाटेने उतरतो, इथून ते सुरुवात करत. माळाचा इतका नेमका अर्थ आपल्या कृषी खात्यानेही कधी लावला नसेल!

त्या दृष्टीने एक घोंगडी पाहा. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ‘लोकरी पांघरूण’ एवढेच लिहिले जाईल. पण लोकर माळावर चरलेल्या मेंढीची, ताण्याला पाजलेली खळ चिंचोक्याची, आणि ती पांघरून धनगर रात्रभर जागा राहतो तो लांडग्याच्या धास्तीने. कोकरू गेले तर तो लांडग्याला शिव्याच घालतो, त्याला देव वगैरे मानत नाही. तरीही रानटी सावज घटलेल्या माळावर लांडगा तगला तो या शेळ्यामेंढ्यांवरच. निसर्ग आणि लोकजीवन इथे एकाच विणीत आहे.

म्हणून बारामती-इंदापूरला संग्रहालय हवे ते दोन्ही एकत्र मांडणारे. स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये 1891 पासून जुनी शेतघरे आणि उत्तरेकडचे प्राणी एकाच आवारात आहेत. कुणी म्हणेल, जिवंत संस्कृतीला काचेच्या पेटीत कशाला घालता? आक्षेप रास्त आहे. पण ऊस, प्लॉटिंग आणि माळावरची वृक्षलागवड चराईची वाट खात असताना ती वाट नोंदवायची तरी कुणी? दुसऱ्या कुणाचा आग्रह मूळ वस्तू परत आणण्याचा असेल. 2024 मध्ये शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे लंडनहून साताऱ्यात आली, तीही उसनी. इथे तेवढ्या खटाटोपाची गरज नाही. ओव्यांच्या प्रती मिळवता येतात, घोंगडी विणणारे हात अजून आहेत आणि लांडगा तर दारातच आहे. सुट्टीत परदेशातून आलेल्या मुलाला सफारीच्या जीपमधून उतरल्यावर धनगराच्या वाड्यापर्यंत चालत नेले, तरी त्या संग्रहालयाचे पहिले दालन उघडले म्हणायचे.